सिकलसेल: पेशी वाकायला लागणारा वेळ आणि तो वाढवायचे उपाय

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा किंवा मेळघाटातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची पहिली तपासणी बहुतेक वेळा काचेच्या एका लहान नळीत होते. नळीत २ मिली द्रावण असतं. बोटातून काढलेलं २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे जेमतेम एक बारीक थेंब, त्यात टाकतात, हलवतात आणि ५ मिनिटं थांबतात. मग काळ्या रेघा आखलेला पांढरा कागद नळीच्या मागे साधारण अडीच सेंटिमीटरवर धरतात. नळीतून रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह.

ही सोल्युबिलिटी टेस्ट. द्रावणातलं सॅपोनिन लाल पेशी फोडून हिमोग्लोबिन बाहेर काढतं, आणि सोडियम डायथायोनाइट त्याचा ऑक्सिजन ओढून घेतं. साधं हिमोग्लोबिन ऑक्सिजन गेला तरी विरघळलेलंच राहतं. सिकलचं हिमोग्लोबिन मात्र त्या दाट फॉस्फेटच्या द्रावणात साखळतं. त्या कणांवर उजेड आपटून विखुरतो, म्हणून मागच्या रेघा दिसत नाहीत.

इथेच पहिला घोळ होतो. 'पॉझिटिव्ह' ऐकलं की घरात रडारड सुरू होते. ही चाचणी एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. ते आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलं असेल तर माणूस वाहक, म्हणजे एएस. तो सहसा आयुष्यभर धडधाकट राहतो. दोघांकडूनही आलं असेल तर माणूस रुग्ण, म्हणजे एसएस. नळीतला गढूळपणा दोघांचाही असतो, त्यावरून कोण वाहक आणि कोण रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावीच लागते. तो दुसरा रिपोर्ट हातात येईपर्यंत कुणालाही 'तुम्हाला सिकलसेल आहे' असं सांगू नये.

आणि हा आजार फक्त आदिवासींचा, हा समजही सोडायला हवा. विदर्भात गोंड, माडिया, परधान, कोरकू यांच्याइतकाच तो अनुसूचित जातींत आणि काही इतर मागास समाजांतही आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलची नोंद १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापली होती. हे जनुक इथे टिकून राहिलं त्याचं मोठं कारण मलेरिया. वाहकाला फॅल्सिपेरम मलेरिया झाला तरी तो सहसा जिवावर बेतत नाही, हे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. जिथे पिढ्यान् पिढ्या हिवताप होता, तिथे वाहक जास्त जगले आणि जनुक पुढे गेलं. हे संरक्षण वाहकालाच आहे. एसएस रुग्णाला मलेरिया झाला तर तो इतरांपेक्षा जास्त घातक ठरतो.

लेझरने मोजलेला उशीर

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल बसतं, बिघाड एवढाच. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये शोधला. त्याआधी १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात सिकलचं हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकतं हे दाखवून, हा रेणूचा आजार आहे असं जाहीर केलं होतं. पॉलिंगना हा धागा उजेडाच्या एका निरीक्षणातून मिळाला. १९४० मध्ये आयर्विंग शर्मन यांना ध्रुवीकृत प्रकाशाखाली ऑक्सिजन नसलेल्या वाकड्या पेशी चमकताना दिसल्या होत्या. आतले रेणू एका दिशेने रांगेत लागल्याशिवाय अशी चमक येत नाही. ही गोष्ट विल्यम कॅसल यांनी पॉलिंगच्या कानावर घातली.

व्हॅलिनला पाण्याचं वावडं आहे. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनच्या रेणूचा आकार जरासा बदलतो आणि त्यावर एक तेलकट खाच उघडी पडते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्या खाचेत बसतं. रेणूला रेणू लागत जातो आणि सुंभ वळावा तसे १४ पदरांचे दोर तयार होतात. हे दोर पेशीला आतून ताणतात, ती विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते.

पण हे दोर ऑक्सिजन गेल्या क्षणी तयार होत नाहीत. आधी काही वेळ काहीच घडत नाही, मग एकदम सगळं साखळतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७४ पासून हा थांबा मोजला. पुढे त्यासाठी लेझर वापरला. हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड चिकटवून ठेवायचा, म्हणजे दोर बनत नाहीत. मग लेझरचा झोत मारायचा, क्षणात वायू सुटतो आणि घड्याळ सुरू होतं. द्रावणातून उजेड कधी विखुरायला लागतो ते टिपायचं. नळीतल्या रेघा दिसेनाशा होतात तेच हे, फक्त सेकंदाच्या बारीक भागात मोजलेलं.

त्यातून निघालेला निष्कर्ष सिकलसेलच्या सगळ्या उपचारांच्या मुळाशी आहे. हा उशीर पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर फार तीव्रपणे अवलंबून असतो, दाटपणाच्या १५ ते ३० व्या घाताने. पेशीतलं पाणी कमी होऊन हिमोग्लोबिन १० टक्क्यांनी दाट झालं, तर उशीर १० टक्क्यांनी नव्हे, ४ पटींपासून १७ पटींपर्यंत कमी होतो. लाल पेशीला केशवाहिनीतून निसटायला साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात दोर बनले नाहीत तर ती मोठ्या शिरेत पोचते, फुप्फुसात जाऊन परत ऑक्सिजन घेते आणि सगळं निभावतं. बहुतेक पेशी अशाच सुटतात, हे १९८७ मध्ये 'सायन्स'मधल्या निबंधात मांडलं गेलं. म्हणजे रुग्णाला हवाय तो एखाद-दोन सेकंदांचा वेळ.

घरच्यांना सांगितले जाणारे नियम या हिशेबाने बघितले की नीट कळतात. पाणी भरपूर प्या, कारण पेशी दाट होऊ द्यायची नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ३ लिटर तरी हवं, आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या कामावर त्याहून जास्त. शिवाय सिकलच्या रुग्णाची किडनी लघवी दाट करू शकत नाही, तहानेने जीव कासावीस असतानाही लघवीतून पाणी जातच राहतं. म्हणून या मुलांना रात्री अंथरूण ओलं करायची सवय जास्त दिवस असते. त्यासाठी संध्याकाळपासून पोराचं पाणी तोडणारे आई-वडील बरेच आहेत. कृपा करून तसं करू नका, पहाटे उठणाऱ्या दुखण्याचं ते कारण होऊ शकतं.

थंडीचं जरा वेगळं आहे. थंडीने दोर लवकर बनत नाहीत, उलट किंचित उशिराच बनतात. पण गार पाण्यात पाय असले की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आखडतात, पेशीचा प्रवास रेंगाळतो आणि हाती असलेला सेकंद पुरत नाही. धानाच्या रोवणीत दिवसभर बांधीत उभं राहिल्यावर रात्री हाडं ठणकतात ती यामुळे. तापात दोन्हीकडून मार बसतो, अंग तापल्याने दोर लवकर बनतात आणि घामाने पाणीही जातं.

तपासणी कुठे फसते

डायथायोनाइट हवेतल्या दमटपणाने खराब होतं. पावसाळ्यात डबा नीट बंद झाला नाही तर पावडर निकामी होते, आणि मग सगळ्यांच्याच नळ्या स्वच्छ दिसतात. म्हणून रोजच्या कामाला हात घालण्याआधी एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना लावायचाच. द्रावण फ्रिजमधून काढून तसंच वापरलं तर चाचणी मंद पडते, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

रक्त फार कमी असलेल्या माणसात, हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल तर, २० मायक्रोलिटरमध्ये पुरेसा माल नसतो आणि नळी खोटी निगेटिव्ह येते. तिथे रक्त दुप्पट घेतात. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं. रक्तात चरबी फार असेल किंवा थेंब मोठा पडला तर सिकल नसतानाही गढूळ दिसतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची तर ही चाचणी करूच नये. त्याच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, अजून भरपूर असतं. त्याने दोर बनत नाहीत आणि नळी निगेटिव्ह येते. तेवढ्यावर विसंबलं तर पुढे हातापायांची बोटं सुजून मूल रडायला लागतं तेव्हाच आजार कळतो. बाळासाठी टाचेतल्या रक्तावर एचपीएलसी हाच मार्ग.

एचपीएलसी यंत्रातही शेवटी उजेडच मोजतात. वेगवेगळी हिमोग्लोबिनं एका नळकांड्यातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि ४१५ नॅनोमीटरचा जांभळा उजेड किती शोषला गेला त्यावरून प्रत्येकाचं प्रमाण निघतं. आता पट्टीवरची रॅपिड किटही आली आहेत. त्यांत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी: काही किटमध्ये रेघ उमटली म्हणजे ते हिमोग्लोबिन आहे, आणि काहींमध्ये रेघ उमटली नाही म्हणजे ते आहे. किटची कंपनी बदलली आणि सूचनापत्रक वाचलं नाही, तर वाहक, रुग्ण आणि निरोगी यांची सरळ अदलाबदल होते.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडनंतर उपकेंद्रातही दिसतं. त्यात दोन दिवे असतात, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं लाल जास्त शोषतं. नाडीच्या ठोक्यागणिक दोन्ही उजेड किती हलतात, त्या गुणोत्तरावरून यंत्र टक्केवारी काढतं. ताकुओ आओयागी यांची ही कल्पना १९७४ ची. पण गुणोत्तरावरून टक्केवारी काढायचा तक्ता प्रत्यक्ष माणसांवर मोजून बनवावा लागतो, आणि त्या मोजमापात गोऱ्या कातडीची माणसं जास्त होती. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हिशेब मांडला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रोहिणीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली होता, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये, या यंत्रांच्या चाचणीत सगळ्या वर्णांची माणसं असावीत असा मसुदा काढला. हे आकडे अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. पण सावळ्या कातडीवर यंत्र चांगला आकडा दाखवतं तेव्हा जरा सबुरीने घ्यावं, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

सिकलच्या रुग्णात आणखी एक मेख आहे. ऑक्सिमीटर टक्के सांगतं, माल किती ते सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. १२ ग्रॅम हिमोग्लोबिनवाल्याचं ९८ टक्के म्हणजे १०० मिली रक्तात जवळपास १६ मिली ऑक्सिजन, आणि ६ ग्रॅमवाल्याचं तेच ९८ टक्के म्हणजे ८ मिलीपेक्षाही कमी. आकडा एकच, पण पोचणारा ऑक्सिजन अर्धा. म्हणून रुग्ण बरा असताना त्याचा नेहमीचा आकडा कार्डावर लिहून ठेवा. त्यापेक्षा ३ ने खाली आला आणि सोबत छातीत दुखतंय, खोकला आहे किंवा दम लागतोय, तर ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलमुळे फुप्फुसावर आलेला जिवावरचा झटका, समजून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवा. मोजताना हात कोमट असावा, काळी मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेलं बोट घ्यावं, अंगणात उन्हात बसून मोजत असाल तर बोटावर फडकं टाकावं. नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर टक्क्यांवरही विश्वास ठेवू नये.

स्वस्त गोळी आणि महाग कात्री

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी हिमोग्लोबिन एफ वाढवते. एफ दोरात सामील होत नाही, उलट मध्ये घुसून दोर बनू देत नाही. उशीर वाढतो, पेशी सुटते. १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ मोठ्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना गोळी दिली त्यांच्यात दुखणं उठण्याचा मध्यक (अर्ध्या रुग्णांचा आकडा ज्याच्या खाली आणि अर्ध्यांचा वर असतो तो) वर्षाला २.५ वेळा होता, ज्यांना दिली नाही त्यांच्यात ४.५ वेळा. आपल्यासाठी त्याहून मोलाचे दोन अभ्यास आहेत. एक २०१२ चा, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या ६० मुलांवरचा. किलोमागे रोज फक्त १० मिलिग्रॅम या ठरलेल्या कमी मात्रेनेही दुखण्याचे झटके, रक्त चढवणं आणि दाखल होणं कमी झालं. दुसरा २०१९ चा, अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या ६०६ मुलांचा, म्हणजे मलेरियाच्या मुलखातला. गोळीमुळे मलेरिया बळावेल ही भीती होती. प्रत्यक्षात मलेरिया निम्म्यावर आला आणि वर्षाला शंभर मुलांमागे मृत्यू ३.६ वरून १.१ वर आले. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडसारख्या भागात हा निष्कर्ष जपून ठेवावा असा आहे.

किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. परिणाम दिसायला ३ ते ६ महिने लागतात, आणि बंद केली की फायदाही जातो. इथे बहुतेक घरं चुकतात: दोन महिन्यांत दुखणं थांबलं नाही म्हणून सोडतात, किंवा मोबाइलवर शोधल्यावर 'कॅन्सरची गोळी' वाचून घाबरतात. ती कॅन्सरमध्येही देतात हे खरं, सिकलमध्ये मात्रा आणि हेतू वेगळे. तरी डोळे झाकून घ्यायची गोळी नव्हे ती. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्ताची मोजणी हवीच. प्लेटलेट ८०,००० च्या खाली किंवा पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या तर डॉक्टर काही दिवस थांबवतात. मूल हवं असेल तर नवरा-बायकोपैकी जो कोणी ती घेत असेल त्याने आधीच डॉक्टरांशी बोलावं. घरातल्या गरोदर बाईने कॅप्सूल फोडून पावडर हाताळू नये.

गोळी नियमित घेतली जातेय का, हे रक्ताच्या साध्या मोजणीतच दिसतं: लाल पेशीचा सरासरी आकार, रिपोर्टवरचा एमसीव्ही, वाढतो. तो वाढलेला बघून बी-१२ ची कमतरता समजू नये. आणि एसएस रुग्णाला फोलिक ॲसिड रोज द्यावं, पण रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या आपोआप देऊ नयेत. त्याच्या पेशी फुटून रक्त कमी होतं, लोह अंगातच राहतं. लोह खरंच कमी आहे असं तपासणीत दिसलं तरच द्यावं. वाहकाला हा नियम लागू नाही.

लहान मुलांसाठी पेनिसिलिन त्याहून साधं. १९८६ च्या अभ्यासात १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिल्याने गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. पाच वर्षांपर्यंत ते द्यायचं, लसी चुकवायच्या नाहीत आणि १०१ फॅरनहाइट ताप आला की सकाळची वाट बघायची नाही. आपल्याकडच्या मुलांत पाणथरी (प्लीहा) बरीच वर्षं वाढलेली राहते. म्हणून आईला डाव्या बरगडीखाली बोटांनी ती चाचपायला शिकवावं. पोट एकाएकी फुगलं आणि मूल पांढरंफटक पडलं तर रक्त पाणथरीत साठतंय, तासाभराचा उशीरही महाग पडतो.

नव्या औषधांबद्दल उतावीळ होऊ नये, याचं एक ठळक उदाहरण व्हॉक्सेलोटर. ते हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावतं, रिपोर्टवर हिमोग्लोबिन वाढलेलं दिसायचं. २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांचे आकडे काळजी वाटावी असे आले होते. रिपोर्टवरचा एक आकडा सुधारणं आणि माणूस सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जनुकाची कात्री, क्रिस्पर, मात्र वेगळ्या ताकदीची आहे. जन्मानंतर हिमोग्लोबिन एफ बंद करणारा बीसीएल११ए नावाचा घटक असतो. रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढून त्या घटकाचं बटण तोडायचं, जोरदार औषधाने जुना अस्थिमज्जा रिकामा करायचा आणि बदललेल्या पेशी परत द्यायच्या. म्हणजे हायड्रॉक्सियुरिया जे थोडं करते तेच, कायमचं. कॅसजेव्ही या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. पुरेसा काळ पाहता आलेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना सलग वर्षभर मोठं दुखणं उठलं नाही. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय अनेक आठवडे दवाखान्यात काढायचे आणि मूल न होण्याचा धोका पत्करायचा. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' हा देशी उपचार जाहीर केला आणि त्याकडे आशेने बघावं. पण 'जनुक बदलून देतो' म्हणत कुणी गावात पैसे मागितले तर तो फसवतोय.

राहिला लग्नाचा आणि बाळंतपणाचा प्रश्न. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, निरोगी असण्याची २५. 'पहिलं रुग्ण निघालं, आता पुढची तीन सुटली' हा हिशेब चुकीचा आहे, प्रत्येक वेळी डाव नव्याने पडतो. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल तर मूल रुग्ण होत नाही. पण 'पूर्ण निरोगी' नळीवरून ठरवू नका. जोडीदार बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक असेल तर त्याची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्हच येते, आणि तरीही मुलाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो, जो काही वेळा एसएसइतकाच त्रासदायक असतो. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर दिसलं की तो वाहक सापडतो. म्हणून एक जण एएस निघाला की दुसऱ्याची थेट एचपीएलसी करावी. गर्भाची तपासणी करायची तर वारेचा नमुना १० ते १२ व्या आठवड्यात घेतात, आणि गावातून नागपूर गाठून तारीख मिळवण्यातच दोन-तीन आठवडे जातात. पाळी चुकल्यावर आशाताईकडे पहिली नोंद होते, त्याच दिवशी नवरा-बायको दोघांचं रक्त घेतलं तरच तो नमुना वेळेत घेता येतो.